दहाच्या वर असेल तरच

३ डिसेंबर
सकाळी आठ: ७.२. दुपारी बारा: ९.८. आभाळ निम्मं भरलेलं.

लेक आली, नऊ दिवसांची नात घेऊन. जावयाने दोन बॅगा, एक टब आणि एक घडीची बाबागाडी तिसऱ्या मजल्यावर चढवून ठेवली, धापा टाकत पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, आता या दोघी तुमच्या हवाली." त्याचं जहाज परवा सुटतं. मार्चपर्यंत तो पाण्यावर. जावई वाईट नाही, फक्त तो असतो तेव्हाही नसल्यासारखाच असतो.

नातीचं नाव अजून ठरत नाही. नवराबायकोच्या याद्या जुळत नाहीत. तोवर मी तिला बाईसाहेब म्हणते, कारण आल्या आल्या तिने सगळ्या घराला कामाला लावलं.

ही वही निवृत्तीनंतरची. हवामान कार्यालयात मी एकतीस वर्षं निरीक्षक होते. जाताना साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? मी म्हटलं, जुन्या पेटीतली पाऱ्याची नळी द्या. ती आता गॅलरीच्या उत्तरेकडच्या खांबावर टांगली आहे, सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर. आठला आणि बाराला आकडा घ्यायचा आणि त्याखाली सुचतील त्या ओळी लिहायच्या. आमच्याकडे खिडकीतून हात बाहेर काढून अंदाजपंचे आकडा लिहिणारे होते. त्यांना बढत्याही मिळाल्या. मी आयुष्यात एकही आकडा मनाने दिला नाही.

लेकीला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. दुपारचा आकडा दहाच्या वर असेल तरच बाळ बाहेर जाईल.

"आणि नऊ पूर्णांक आठ असेल तर?"

"तर नाही जाणार."

"बरं," म्हणाली. तिचं हे 'बरं' मी चौतीस वर्षं ऐकते आहे. त्यात होकार नसतो.

६ डिसेंबर
६.१. ८.९.

आरोग्य केंद्रातून वजनवाली आली. बाईसाहेबांना काट्यात ठेवलं, त्या भडकल्या. वजन ठीक. जाताना तिने एक पत्रक दिलं. त्यात लिहिलंय की नवजात बाळाला थंडीतही थोडा वेळ बाहेर न्यायला हरकत नाही. आपण घालतो त्यापेक्षा एक कपडा जास्त घालावा, टोपी घालावी, वारा लागू देऊ नये. आईलाही बरं वाटतं म्हणे.

मी विचारलं, "हे लिहिणाऱ्याने किती बाळं बाहेर नेली?"

वजनवाली हसली. तिला वाटलं मी थट्टा केली. लेकीने ते पत्रक चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं, प्रमाणपत्र ठेवतात तसं.

९ डिसेंबर
४.४. ७.७. पहाटे धुकं.

फोन आला. पलीकडून, "वहिनी, दादा—" एवढंच ऐकलं आणि ठेवला. पंचवीस वर्षांत नणंदेने तीनदा फोन केला, तिन्ही वेळा मी असाच ठेवला. त्या माणसाचा विषय या घरात निघत नाही. लेकीलाही हे ती नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

फोन पुन्हा वाजला तेव्हा माझे हात कणकेचे होते. लेकीने आतल्या खोलीत घेतला. अर्धा तास बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. दोन तासांच्या वर झोप नाही पोरीला. मी म्हटलं, बाईसाहेबांना माझ्याकडे दे आणि पड जरा. पडली नाही. खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती.

दुपारी विचारलं, "आज किती?" सात पूर्णांक सात म्हटलं. पुन्हा आपलं 'बरं'.

११ डिसेंबर
३.९. ७.२.

लेक एकटी बाहेर जाऊन आली, दोन तास. माझं दूधपावडर-बाटलीचं ज्ञान जुनं झालंय, त्यामुळे तिने दूध काढून ठेवलं होतं. मैत्रिणीकडे गेले होते म्हणाली. मैत्रिणीकडे जाऊन माणूस असा पडका चेहरा घेऊन येतो का? कोटाला फिनाइलचा वास होता. मैत्रीण बहुतेक फारच स्वच्छ असावी.

आल्यावर जेवता जेवता म्हणाली, "आई, दहाचा आकडा कुठून आला? कोणत्या पुस्तकात आहे?"

मी उत्तर दिलं नाही. इथे लिहिते, ही वही कोणी वाचत नाही. लेकीच्या आधी मला मुलगा झाला होता. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, दहाच्या खाली पारा असेल तर महिनाभर बाहेर काढू नका. तो अकरा दिवसांचा असताना हिच्या बापाने त्याला बाहेर नेलं. त्याच्या घड्याळाच्या दुकानात, शेजारच्या दुकानदारांना दाखवायला. पाऊण तासाने परत आणलं. चौथ्या दिवशी मुलाची छाती भरली. सातव्या दिवशी गेला. डॉक्टर नंतर म्हणाले की छातीत जन्मतःच काहीतरी असणार, थंडीचाच दोष म्हणता येत नाही. डॉक्टरांना काय, ते असं बोलतातच.

त्या माणसाबरोबर मी त्यानंतर तेरा वर्षं काढली. एकाही दिवशी त्याला विसरू दिलं नाही. शेवटी तो निघून गेला, आणि तेही माझ्यावरच ढकललं सगळ्यांनी. मुलाला नेलं त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

१३ डिसेंबर
४.०. १०.९.

नवलच. सकाळी चार आणि बाराला अकराच्या घरात. ऊन आहे, पण इतकं? मी गॅलरीत गेले तेव्हा लेक खांबापाशी उभी राहून दांडीवरचे लंगोट काढत होती. म्हटलं, सरक जरा. आकडा घेतला. "दहा पूर्णांक नऊ," म्हटल्याबरोबर बाईसाहेबांना टोपी चढलीसुद्धा. दोन झबली, स्वेटर, मोजे, शाल. पोटलीतून नुसतं नाक दिसत होतं.

नियम तो नियम. गाडी खाली उतरवायला मीच मदत केली. दीड तासाने परत आल्या. बाईसाहेब गाढ झोपेत, गाल लाल. मी मोजे काढून पाय माझ्या तळव्यात धरले. बाळाचं अंग सांगत नाही, पाय सांगतात. गरम होते.

लेक आज पोटभर जेवली. आल्यापासून पहिल्यांदा.

१४ डिसेंबर
३.८. ११.२.

पुन्हा. पुन्हा गाडी खाली.

१६ डिसेंबर
३.१. १०.६.

काहीतरी गडबड आहे. सकाळी गॅलरीतल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बाराला दहाच्या वर. समोरच्या इमारतीला नवा पांढरा रंग दिलाय, त्याची धग इकडे परतत असेल. किंवा खालच्या धोबीणबाईंनी इस्त्रीची भट्टी हलवली असेल. खाली जाऊन विचारलं. भट्टी गेल्या दहा वर्षांत जागची हललेली नाही, आणि माझ्या चौकशीने त्या मात्र चांगल्याच तापल्या.

रेडिओ शहराचा आकडा सात सांगतो. पण रेडिओवरचा आकडा कोण घेतं ते मला माहीत आहे. माझाच शिष्य, खिडकीतून हात काढणारा.

लेक म्हणाली, "आई, आकडा आहे ना दहाच्या वर? मग?" मला पटलं. आकड्याशी भांडायचं नसतं. तो आपल्याला आवडत नाही म्हणून तो चुकीचा होत नाही. हे मीच नव्या पोरांना शिकवायचे. ती लंगोट फार जपते हल्ली. रोज बाराच्या ठोक्याला गॅलरीत हजर, घड्या घालत.

१८ डिसेंबर
३.६. ११.०.

समोरची शिंपीण बाईसाहेबांसाठी अंगडी घेऊन आली. चहा घेताना म्हणाली, "काकू, तुमची लेक काल दिसली मला. त्या मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला. भिंतीशी उभी होती आणि बाळाला असं दोन्ही हातांनी वर धरलं होतं. बराच वेळ. मी हाक मारली, तर ऐकूच गेली नाही."

मी म्हटलं, ऊन दाखवत असेल. ती भिंत पश्चिमेची आहे, दुपारी तिथे ऊन येतं. पत्रकात लिहिलं असेल, बाळाला ऊन दाखवा.

शिंपीण म्हणाली, "ऊन तर रस्त्याच्या अलीकडे होतं."

शिंपिणीला कापड सरळ कापता येतं, दिशा कळत नाहीत. तो विषय तिथेच संपवला. अंगडी मात्र छान शिवली आहेत.

१९ डिसेंबर
२.९. ११.३.

लेक बाईसाहेबांचे कान चाचपत बसली होती. मग सहज विचारल्यासारखं, "आई, बाबांचे कान असेच होते ना? पुढे आलेले?"

मी भांडी घासत होते. भांडी जरा जोरात घासली.

"तुला त्यांची एकही चांगली गोष्ट आठवत नाही का गं?"

"शिट्टी बरी वाजवायचा," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"आता नाही वाजवता येत," लेक म्हणाली. मी नळ मोठा सोडला. बाळंतिणी वेड्यासारखं काहीही बोलतात, झोप नसते.

२० डिसेंबर
३.३. दुपारचा आकडा खाली लिहिला आहे.

आज पकडलं.

आमच्या कामात आकडा वाचायची एक पद्धत असते. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंक. कारण माणूस जवळ गेला की त्याच्या अंगाची ऊब नळीला लागते आणि पारा चढू लागतो, आणि आधी बदलतो तो दशांश. म्हणून श्वास रोखून जायचं, झटकन वाचायचं, मागे फिरायचं. एकतीस वर्षांची सवय. तीच नडली. मी रोज झटकन वाचत होते आणि मागे फिरत होते.

आज ११.६ वाचला आणि लिहायला गेले तर पेन संपलेलं. दुसरं आणून पुन्हा वर पाहिलं, ११.० होता. मी तिथेच उभी राहिले. १०.१. ९.२. सूर्य ढगात गेलेला नाही, वारा सुटलेला नाही, आणि पारा जिना उतरावा तसा उतरतोय. ७.० वर येऊन थांबला. नळीला नुकतंच कोणीतरी मुठीत धरलं होतं.

लेक आत बाईसाहेबांना टोपी घालत होती. मी दारात उभी राहिले.

"हात दाखव तुझे."

तिने दाखवले. उजवा तळहात थंड, लालबुंद.

"बाळ नेलंस त्याबद्दल मागून बोलेन," मी म्हटलं. "आकडा खोटा केलास. माझ्या घरात. माझ्या नळीवर."

"तूच शिकवलंस. सात वर्षांची होते मी. ऑफिसात नेलं होतंस. म्हणालीस, हाताने धरायची नाही, पारा फसतो."

"धरायची नाही असं शिकवलं होतं."

"हो. तेवढं आठवत होतं." मग तिने टोपीची नाडी सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी कुठे जाते ते विचार ना. एकदा विचार."

"मला ऐकायचं नाही."

"ठीक आहे," म्हणाली. 'बरं' म्हणाली नाही.

२१ डिसेंबर
२.७. ६.८.

सुतार सकाळीच बोलावला. झडपांची छोटी पेटी, आत नळी, पुढे दार, दाराला कुलूप. ऑफिसात होती तशीच. सुतार म्हणाला, "मावशी, आत काय दागिने ठेवणार?" मी म्हटलं, त्याहून मौल्यवान. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला.

दुपारचा आकडा सहा पूर्णांक आठ. खरा. मोठ्याने वाचून दाखवला. लेक लंगोटांच्या घड्या घालत राहिली. बाईसाहेब मात्र तिच्या वाटचंही रडल्या. साडेबाराला त्यांची बाहेर जायची वेळ असते, हे एवढ्याशा जिवालाही कळायला लागलंय.

२३ डिसेंबर
२.५. ६.१.

लेक एकटी गेली. बाईसाहेब माझ्याकडे. दूध पिऊन माझ्या खांद्यावर झोपल्या. त्यांना खाली ठेवायला मन होत नव्हतं. एका हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

लेक परत आली तेव्हा पुन्हा फिनाइलचा वास. आता मात्र मला काळजी वाटते आहे. बाळाला काही झालंय आणि ही माझ्यापासून लपवते आहे का? छातीचं काही? मी बाईसाहेबांच्या छातीला कान लावून बघितलं. स्वच्छ. घड्याळासारखं.

वजनवालीला फोन केला. ती म्हणाली, बाळ उत्तम आहे, तुम्हीच जरा बाहेर फिरून या.

२५ डिसेंबर
१.९. ५.५. उत्तरेचा वारा.

सकाळी नणंदेचा फोन. लेकीने घेतला, आणि फोन ठेवून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, आज मला बाळाला न्यायचंय. एकच दिवस. अर्धा तास. टॅक्सीने नेते, शालीत गुंडाळून नेते, सांगशील ते करते. आकडा दे."

"बाराला बघू."

बाराला कुलूप उघडलं. पाच पूर्णांक पाच. तिला सांगितलं.

"दहा सांग," ती म्हणाली.

"काय?"

"वहीत नको लिहूस पाहिजे तर. पण एकदा तोंडाने म्हण, दहा. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "मी आयुष्यात एकही आकडा मनाने दिलेला नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण बाईसाहेब दचकल्या. लेकीने त्यांना माझ्या हातात दिलं. मग कोट घालून एकटी गेली. मला वाटलं होतं ती बाळ उचलून माझ्या देखत दार उघडून जाईल. चौतीस वर्षांची बाई आहे. मी काय हात धरणार होते? पण गेली नाही तशी. मला ते कळलं नाही.

२६ डिसेंबर
आठचा आकडा घेतला नाही. बारा: ५.९.

हिचा बाप पहाटे गेला. हॉस्पिटलात. फुप्फुसं. महिनाभर होता तिथे.

लेक आणि नणंद तिकडेच आहेत. मी बाळ सांभाळते आहे. त्याला बघायला मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

२७ डिसेंबर
४.१. ७.०.

सगळं उरकून लेक काल संध्याकाळी घरी आली. आंघोळ केली, बाळाला जवळ घेतलं आणि बोलायला लागली. रडत नव्हती. मी काही विचारत नव्हते, तरी सांगत होती.

त्या वॉर्डात बाळांना आत सोडत नाहीत. त्याला अंथरुणातून उठता येत नव्हतं, पण खाट खिडकीशी होती. दुसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. ती खाली भिंतीशी उभी राहायची आणि बाळ वर धरायची. तो वरून हात हलवायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. सहा-सात वेळा झालं असं. मग तिचे हात भरून यायचे आणि तो वरून खूण करायचा, पुरे, जा घरी.

"आधी मी त्यांना म्हटलं होतं, उद्याच आणते बाळाला," लेक म्हणाली. "तर म्हणाले, थंडी आहे, असं नको आणूस. तुझ्या आईला आकडा विचार. ती हो म्हणाली तरच आण. रोज फोनवर पहिला प्रश्न तोच. आईने आकडा दिला का? मला त्यांच्याशी खोटं नाही बोलता येत गं. म्हणून नळीला बोलायला लावलं."

मी बाईसाहेबांच्या मोज्याच्या गाठी सोडत होते. सुटत नव्हत्या.

"काल शेवटचं त्यांनी विचारलं, बाळ? मी म्हटलं, आईने आकडा नाही दिला. तर म्हणाले, मग नको. बरोबर आहे तिचं." लेकीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि म्हणाले, तेव्हाही मी तिला विचारूनच गेलो होतो. तेव्हा म्हणजे केव्हा, आई?"

मी म्हटलं, दूध उतू जाईल, बघ जरा. गॅसवर काहीही नव्हतं.

२८ डिसेंबर
४.८. ७.४.

काल रात्री मागची पानं वाचून काढली. अठरा तारखेला मी 'ऊन' लिहिलंय. शिंपीण बोलली तेव्हाच मला संशय आला होता. हॉस्पिटलची मागची भिंत, वर धरलेलं बाळ, नणंदेचा फोन. शाळेतल्या मुलानेही बेरीज केली असती. मी ऊन लिहिलं. शिट्टीच्या वेळी नळ मोठा सोडला. मनाने आकडे लिहिणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली.

लेकीने तो प्रश्न आज पुन्हा विचारला नाही. जेवताना फक्त बघत होती.

२९ डिसेंबर
सकाळी आठ: ३.४. दुपारी बारा: ४.६. वारा नाही.

लेक आणि नणंद त्याची खोली आवरायला गेल्या होत्या. बाईसाहेब माझ्याकडे. बाराला कुलूप उघडलं, श्वास रोखला, आधी दशांश वाचला, मग पूर्ण अंक. मग दार उघडंच ठेवलं आणि बाईसाहेबांना कपडे घातले. दोन झबली, शिंपिणीचं अंगडं, स्वेटर, दोन मोजे, टोपी, शाल. गाडी नेली नाही. माझ्या कोटात छातीशी धरून तीन जिने उतरले. गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. बसमध्ये एका बाईने उठून जागा दिली आणि म्हणाली, "आजी, एवढ्या थंडीत एवढंसं बाळ?" मी म्हटलं, हो.

मागच्या रस्त्यावर खरंच ऊन नसतं. भिंत ओलसर आहे. दुसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. तिथे दुसराच माणूस झोपला होता. खाट रिकामी ठेवतात थोडीच. टकला, माझ्याच वयाचा. मी बाईसाहेबांना दोन्ही हातांनी वर धरलं. त्याने पाहिलं, मग मागे वळून पाहिलं की दुसऱ्या कोणासाठी तर नाही ना, आणि मग हात वर केला. हलवला. मी तशीच उभी राहिले. माझे दंड थरथरायला लागले तरी खाली घेतलं नाही. तिकडून तो आणि इकडून मी, दोघं अनोळखी, आणि बाईसाहेबांना कशाचंच काही नाही, त्या झोपलेल्या. शेवटी त्यानेच खूण केली, पुरे.

लेक चार वाजता आली. खुर्चीवरचा माझा कोट बघितला, त्याच्यावरची छोटी टोपी बघितली.

"बाहेर गेली होतीस? हिला घेऊन?"

"हो."

"आकडा किती होता?"

"चार पूर्णांक सहा."

ती खाली बसली. तेव्हा मी दुसराही आकडा सांगितला, अडतीस वर्षांपूर्वीचा. हिचा बाप दारात उभा होता, हिचा अकरा दिवसांचा भाऊ छातीशी, टोपी घातलेला. मला म्हणाला, आकडा बघतेस का? तेव्हा घरची एक साधी नळी खिडकीबाहेर होती, पलंगापासून चार पावलांवर. अकरा रात्री मी झोपले नव्हते. मला फक्त अर्धा तास घरात रडणं नको होतं. मी पडल्या पडल्या म्हटलं, "अकरा. जा." तो गेला. मग झोप येईना म्हणून उठून पाहिलं. पाच पूर्णांक दोन होता. ते अजून कोपऱ्यावरच होते, त्याची पाठ दिसत होती. खिडकी उघडून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"मग?" लेक म्हणाली.

"मग मी जाऊन पडले. आणि झोप लागली."

तिने कोटावरची छोटी टोपी उचलून मांडीवर घेतली. मग विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"आल्या आल्या त्याने खिडकीबाहेरच्या नळीकडे बघितलं होतं. मला दिसलं होतं बघताना."

"आणि तेरा वर्षं बोलले नाहीत."

"नाही."

ती उठली. बाईसाहेबांना माझ्या मांडीवरून उचललं, मोजे काढले आणि दोन्ही पाय आपल्या तळव्यांत धरले, मी शिकवलं होतं तसे. "गरम आहेत," म्हणाली, पण मला नाही. मग त्यांना घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं, बाळ झोपलं होतं म्हणून.